गिट आवृत्ती तपासणी आणि अपडेट : महापे, वागळे इस्टेट, रबाळे (प्रकल्प नोंदी)

बुधवार, ९ जुलै २०२५

काल, ८ जुलैला, गिटच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारे साधन) सुरक्षा दुरुस्त्या जाहीर झाल्या. चालू मालिकेत २.५०.१ आली आणि मागच्या मालिकांसाठी २.४९.१, २.४८.२, २.४७.३, २.४६.४, २.४५.४, २.४४.४ व २.४३.७. त्यामुळे २.४७ वर असलेल्या मशीनला २.५० वर नेण्याची सक्ती नाही. मधला आकडा तसाच ठेवून शेवटचा पुढे नेला तरी दुरुस्ती मिळते. नवी फीचर्स आणि दुरुस्ती एकाच दिवशी अंगावर घ्यायची नसतील, तर हाच रस्ता बरा.

यातला एक गंभीर दोष सीव्हीई-२०२५-४८३८४ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा दोषाला दिलेला जाहीर क्रमांक). गिट कॉन्फिग फाइल वाचताना ओळीच्या शेवटचे कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याचे न दिसणारे अक्षर) काढून टाकतो, पण लिहिताना अशा शेवटाच्या मूल्याला अवतरणचिन्ह लावत नव्हता. सबमॉड्यूलच्या (एका रेपोत, म्हणजे कोडच्या भांडारात, जोडलेला दुसरा रेपो) पाथच्या शेवटी मुद्दाम कॅरेज रिटर्न ठेवला की लिहिलेला पाथ आणि परत वाचलेला पाथ वेगळे पडतात, आणि सबमॉड्यूल भलत्याच ठिकाणी चेकआउट होते. त्या ठिकाणी हुक्स फोल्डरकडे जाणारी सिमलिंक आधीच ठेवलेली असेल आणि सबमॉड्यूलमध्ये पोस्ट-चेकआउट हुक (चेकआउटनंतर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) असेल, तर तो हुक आपल्या मशीनवर चालतो. '--रिकर्स-सबमॉड्यूल्स' लावून अनोळखी रेपो क्लोन केला, एवढे त्याला पुरते. विंडोजवर फाइलच्या नावात असे अक्षर चालत नाही, म्हणून हा दोष लिनक्स आणि मॅकचा. पण तेवढ्यावरून विंडोजवाल्यांनी निवांत बसू नये. विनक्रेड क्रेडेन्शियल हेल्परमधला (विंडोजवर पासवर्ड जपणारा सहायक) बफर ओव्हरफ्लो (४८३८६) त्यांच्याच वाट्याचा आहे.

व्याप्ती: महापेची बिल्ड मशीन व कंटेनर इमेज, तिथल्या डेव्हलपरांचे लॅपटॉप, वागळे इस्टेटमधल्या टेस्टिंग टीमची विंडोज मशीन, आणि रबाळेच्या लॅबमधली इंटरनेट नसलेली मशीन.

सर्व मशीन अपडेट होईपर्यंत बाहेरचा कोणताही रेपो रिकर्सिव्ह (सबमॉड्यूलसकट) क्लोन करायचा नाही, असे दोन्ही ऑफिसना कळवले.

नोंदींमधल्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

गुरुवार, १० जुलै

यादी तयार करणे. 'गिट --व्हर्जन'चे उत्तर एवढ्याच एका रकान्यावर थांबलो नाही, कारण ती कमांड फक्त पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) पहिल्या सापडलेल्या गिटचा आकडा सांगते. एका मशीनवर दोन-तीन गिट असणे अगदी रोजचे आहे. म्हणून प्रत्येक मशीनसाठी तीन प्रश्न ठेवले: किती गिट आहेत, प्रत्येक कुठून आला, आणि त्याला अपडेट कोण करतो.

लिनक्स व मॅकवर 'टाइप -ए गिट'. साधे 'व्हिच गिट' पहिलाच पाथ दाखवून थांबते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर गिट'. पॉवरशेलमध्ये मात्र 'व्हेअर.ईएक्सई गिट' असे पूर्ण लिहायचे. तिथे नुसते 'व्हेअर' म्हणजे ऑब्जेक्ट गाळणारी वेगळीच कमांड. ती काहीच न छापता परत येते आणि बघणाऱ्याला वाटते की गिट बसवलेलाच नाही.

सापडलेल्या प्रत्येक पाथवर पूर्ण पत्ता देऊन '--व्हर्जन' चालवायचे. सोबत 'गिट --एक्झेक-पाथ' ही नोंदवायचे, म्हणजे आतल्या सहायक कमांड कोणत्या फोल्डरमधून उचलल्या जातात ते दिसते.

आकडे गोळा करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी सांभाळल्या. पहिली म्हणजे उत्तराचा साचा सगळीकडे सारखा नसतो. विंडोजवर '२.५०.१.विंडोज.१' असे येते, तर ऍपलच्या गिटला आकड्यानंतर कंसात 'ऍपल गिट-१५४' अशी शेपटी असते. तिसरा शब्द घ्यायचा आणि त्यातले पहिले तीन आकडेच ठेवायचे. दुसरी गोष्ट तुलनेची. अक्षरांप्रमाणे तुलना केली की २.९ ही २.५० पेक्षा मोठी ठरते, कारण ९ हे ५ च्या पुढे येते. 'सॉर्ट -व्ही' (व्ही कॅपिटल) आवृत्तीचा क्रम बरोबर लावते. डेबियन कुटुंबात 'डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स' आणखी भरवशाचे.

एक्लिप्स हे कोड लिहिण्याचे ॲप स्वतःचा जेगिट (जावात लिहिलेला गिट) वापरते. तो या यादीत येत नाही आणि आपण गिट अपडेट केल्याने बदलतही नाही. त्याचा रकाना वेगळा.

शुक्रवार, ११ जुलै

उबुंटू २२.०४ आणि २४.०४ ची मशीन. 'सुडो ॲप्ट अपडेट' (ॲप्ट म्हणजे उबुंटूची पॅकेज बसवणारी कमांड), मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड गिट'. नुसते 'ॲप्ट अपग्रेड' दिले तर बाकीची पॅकेजेसही हलतात. आज तेवढा पसारा नको होता.

अपडेटनंतरही २२.०४ वर 'गिट --व्हर्जन' २.३४.१ च दाखवते आणि २४.०४ वर २.४३.०. हे बरोबर आहे. उबुंटू मूळ आवृत्ती न हलवता फक्त दुरुस्तीचा कोड तिच्यात आणून बसवते. बदल दिसतो तो पॅकेजच्या आकड्याच्या शेपटीत, आणि ती शेपटी गिट स्वतः छापत नाही. वागळेच्या टीमकडून लगेच विचारणा आली की २.४३.० ही २.४३.७ पेक्षा जुनी, मग दुरुस्ती झाली कशी? उत्तर आकड्यात शोधायचे नाही, चेंजलॉगमध्ये शोधायचे. 'ॲप्ट-कॅश पॉलिसी गिट' ने बसवलेले पॅकेज कोणते ते बघायचे, आणि 'ॲप्ट चेंजलॉग गिट' मध्ये ४८३८४ हा आकडा शोधायचा. नेट नसेल तर '/यूएसआर/शेअर/डॉक/गिट' मधल्या दाबून ठेवलेल्या चेंजलॉगवर 'झेडग्रेप' चालवायचे. तो आकडा सापडला तरच मशीन यादीच्या तक्त्यात हिरवे, नाहीतर लाल.

जुन्या बिल्ड मशीनवर उबुंटू २०.०४ आहे, गिट २.२५.१. तिथे ॲप्ट म्हणते, सर्वांत नवीन पॅकेज आधीच बसवलेले आहे. चेंजलॉगमध्ये मात्र ४८३८४ चा पत्ता नाही. कारण सरळ आहे: २०.०४ ची सर्वसाधारण मुदत ३१ मे २०२५ ला संपली. त्यानंतरच्या दुरुस्त्या उबुंटू प्रोच्या विस्तारित सेवेतूनच येतात, आणि मशीन त्या सेवेला जोडलेले नसेल तर ॲप्टच्या दृष्टीने नवे काही अस्तित्वातच नसते. ॲप्टचे ते वाक्य त्याच्या हाताशी असलेल्या भांडारापुरतेच खरे आहे. तेच वाचून मशीन हिरवे करण्याचा धोका सर्वांत मोठा, कारण तक्त्यात सगळे ठीक दिसते आणि पुन्हा कोणी बघत नाही.

हे मशीन २४.०४ वर न्यायचे आहेच, पण चालू रिलीज संपेपर्यंत हात लावता येत नाही. तोवर २.५०.१ सोर्समधून बांधायचा असे ठरले.

सोमवार, १४ जुलै

सोर्समधून बिल्ड, महापे. पायऱ्या सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण यातल्या बऱ्याच चुका बिल्डच्या वेळी गप्प राहतात आणि नंतर बोलतात.

सोर्स कर्नल.ऑर्गवरून घेतला: 'गिट-२.५०.१.टार.एक्सझेड' आणि सोबतची '.टार.साइन' फाइल. सही दाबलेल्या फाइलवर नसते, आतल्या टारवर असते. म्हणून आधी 'एक्सझेड -सीडी' ने उलगडून तो प्रवाह 'जीपीजी --व्हेरिफाय' ला द्यायचा. एक्सझेड फाइलच थेट तपासली तर सही चुकीची असल्याचे सांगितले जाते, आणि लोक उगाच पुन्हा पुन्हा डाउनलोड करत बसतात.

लागणारी पॅकेजेस: बिल्ड-इसेन्शियल, लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबएक्सपॅट१-डेव्ह, गेटटेक्स्ट. यातले लिबकर्ल राहून गेले तर थेट मेक हेडर फाइल सापडत नाही म्हणून थांबते. पण आधी कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवली असेल तर मेक बिनबोभाट पूर्ण होते, 'गिट --व्हर्जन' ही २.५०.१ छापते, पण 'गिट-रिमोट-एचटीटीपीएस' हा सहायक तयारच झालेला नसतो. पहिल्या फेचला मग एचटीटीपीएससाठी रिमोट हेल्पर सापडत नाही अशी तक्रार येते. त्यामुळे बसवल्यावर आवृत्ती बघायच्या आधी एक्झेक-पाथच्या फोल्डरमध्ये हा सहायक आहे का ते बघायचे.

बांधणी: 'मेक प्रीफिक्स=/यूएसआर/लोकल सिसकॉन्फडिर=/ईटीसी ऑल -जे४', मग तीच दोन मूल्ये देऊन 'सुडो मेक ... इन्स्टॉल'. इथे तीन गोष्टी.

प्रीफिक्स (बसवण्याचे ठिकाण) दिलाच नाही तर गिट चालवणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये बसतो. दुसऱ्या युजरला तो दिसत नाही, आणि बिल्डचा युजर नेहमी दुसराच असतो.

पहिल्या मेकला एक प्रीफिक्स आणि इन्स्टॉलला दुसरा दिला तर मेकला तो बदल कळतो. पाथ बायनरीत कोरलेला असतो, म्हणून तो पुन्हा कंपाइल करायला बसतो, तोही रूट म्हणून. नंतर त्या फोल्डरमध्ये साध्या युजरने मेक चालवले की परवानगीच्या तक्रारी सुरू होतात.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. प्रीफिक्स '/यूएसआर/लोकल' असला की सिस्टिम-पातळीवरची कॉन्फिग फाइल '/यूएसआर/लोकल/ईटीसी/गिटकॉन्फिग' धरली जाते, '/ईटीसी/गिटकॉन्फिग' नव्हे. या मशीनवर प्रॉक्सी, ऑफिसचे सर्टिफिकेट आणि सेफ.डिरेक्टरी (दुसऱ्या युजरच्या मालकीचे कोणते रेपो चालतील याची यादी) हे सगळे '/ईटीसी' मध्ये आहे. सिसकॉन्फडिर दिला नसता तर नव्या गिटला यातले काहीच दिसले नसते, आणि प्रॉक्सी न सापडल्याने येणारी चूक नेटवर्कची वाटली असती. बसवण्याआधी आणि नंतर 'गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन' ची दोन उत्तरे फाइलमध्ये घेतली व डिफ काढला. फरक नाही. ('--शो-स्कोप' आणखी सोयीचे, पण ते २.२६ पासूनचे. जुन्या २.२५.१ वर चालत नाही, म्हणून तुलनेला निरुपयोगी.)

बसवून झाल्यावर त्याच टर्मिनलवर 'गिट --व्हर्जन' ने २.२५.१ च दाखवले. बॅशने जुना पाथ लक्षात ठेवलेला असतो. 'हॅश -आर' दिले, २.५०.१ आले.

मंगळवार, १५ जुलै

बांधलेला गिट खरोखर कोण वापरतोय, याची तपासणी.

क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारी सेवा): डेबियन-उबुंटूच्या क्रॉनचा स्वतःचा पाथ फक्त '/यूएसआर/बिन' आणि '/बिन'. रात्रीचे मिरर घेणारे काम त्यामुळे अजून जुन्याच गिटवर होते. क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथची ओळ टाकली.

जेनकिन्स (बिल्ड आपोआप चालवणारा सर्व्हर): टूल्सच्या पानावर गिटचा पाथ '/यूएसआर/बिन/गिट' असा पूर्ण लिहिलेला होता. तो '/यूएसआर/लोकल/बिन/गिट' केला. बिल्ड लॉगमध्ये गिट प्लगइन आवृत्ती छापते, तिथे खात्री केली.

'/यूएसआर/बिन/गिट' च्या जागी सिमलिंक ठेवावी ही सूचना आली होती. ती घेतली नाही. ती फाइल पॅकेजच्या मालकीची आहे आणि पॅकेज हलले की परत लिहिली जाते. गिट पॅकेज काढूनही टाकले नाही, कारण त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस सोबत जातात.

२.२५ वरून २.५० वर येताना वागणूक बदलते ती मुख्यतः पुलमध्ये. दोन्ही बाजूंना वेगवेगळे कमिट असतील आणि मर्ज की रिबेस हे सांगितलेले नसेल, तर २.३३ पासून गिट थांबतो आणि निवड करायला सांगतो. दोन डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये नुसते 'गिट पुल' होते. तिथे '--एफएफ-ओन्ली' लावले. डिप्लॉयच्या फोल्डरमध्ये मर्ज होणे योग्यच नाही, तेव्हा ही सुधारणा एरवीही हवीच होती.

सेफ.डिरेक्टरीचा त्रास इथे झाला नाही. २०२२ च्या एप्रिलमधली ती दुरुस्ती उबुंटूने २.२५.१ मध्येही आणली होती.

गुरुवार, १७ जुलै

वागळे इस्टेट, विंडोज. बहुतेक मशीनवर 'विंगेट अपग्रेड --आयडी गिट.गिट -ई' पुरले. विंगेट नसलेल्या मशीनवर 'गिट अपडेट-गिट-फॉर-विंडोज'. आधी गिट बॅश, व्हीएस कोड आणि ssh एजंट बंद करायचे, नाहीतर इन्स्टॉलर फाइल वापरात असल्याचे सांगून अडतो. व्हीएस कोडची खिडकी उघडी दिसत नसली तरी तो मागे गिट चालवत असतो.

काही मशीनवर अपडेट यशस्वी झाल्याचा संदेश आला आणि आकडा मात्र हलला नाही. दोन्ही पाथ समोरासमोर ठेवले की उलगडा होतो. एक गिट 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये, ॲडमिनने बसवलेला. दुसरा युजरच्या 'ॲपडेटा\लोकल\प्रोग्रॅम्स' मध्ये, ॲडमिन हक्क नसताना बसवलेला. विंडोज पाथ जोडताना सिस्टिमचा भाग आधी आणि युजरचा नंतर घेते. म्हणून युजरचा गिट कितीही नवा केला तरी चालतो तो ॲडमिनवालाच. युजर-प्रत काढली आणि ॲडमिन-प्रत अपडेट केली. दोन्ही ठेवून चालत नाही, पुढच्या महिन्यात तोच गोंधळ.

व्हिज्युअल स्टुडिओ आणि गिटहब डेस्कटॉप आपापला गिट सोबत बाळगतात. ते त्या-त्या ॲपच्या अपडेटनेच बदलतात. तक्त्यात वेगळी ओळ.

विनक्रेडसाठी 'गिट कॉन्फिग --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर'. उत्तर 'मॅनेजर' असेल तर विनक्रेड वापरात नाही.

सोमवार, २१ जुलै

रबाळे लॅब, बंद नेटवर्क. इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर नेले. लॅबमध्ये पोचल्यावर 'सर्टयुटिल -हॅशफाइल' ने एसएचए-२५६ काढून महापेत काढलेल्या आकड्याशी जुळवले.

एका मोजणी यंत्राच्या मशीनवर विंडोज ७ आहे. विंडोजसाठीच्या गिटने ७ आणि ८ ला २.४६.२ नंतर सोडले, म्हणजे ही दुरुस्ती तिथे पोचणारच नाही. यंत्राचा ड्रायव्हर विंडोज १० वर चालत नाही. म्हणून त्या मशीनवरून गिट काढला. मोजणीच्या फाइली शेजारचे मशीन उचलून कमिट करेल.

सेंटओएस ७ चे मशीन. गिट १.८.३.१. यात '-सी' (सी कॅपिटल) हा पर्यायच नाही (तो १.८.५ मध्ये आला), त्यामुळे महापेच्या स्क्रिप्ट इथे 'अननोन ऑप्शन' म्हणून पडतात. यमने (सेंटओएसची पॅकेज बसवणारी कमांड) अपडेट होत नाही. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि मिररची यादी देणारा पत्ता बंद झाला. जुनी पॅकेजेस व्हॉल्टमध्ये आहेत, पण तिथेही गिट तोच. सोर्समधून बांधावा तर या मशीनचा लिबकर्ल ७.२९.०, आणि नव्या गिटला किमान ७.६१.० लागतो. आधी कर्ल बांधा, त्यासाठी ओपनएसएसएल बांधा... एका टेस्ट बेंचसाठी एवढा डोलारा उभारू नये. त्याची देखभाल पुढे कोणीच करत नाही. बिल्ड मशीनवर 'गिट आर्काइव्ह' ने टार काढायचा, नावात कमिटचा आकडा ठेवायचा आणि तो टार इथे आणायचा. बेंचला इतिहास लागत नाही, फाइली लागतात. इथलाही गिट काढला.

गुरुवार, २४ जुलै

मॅक. '/यूएसआर/बिन/गिट' हा ऍपलच्या कमांड लाइन टूल्सचा, २.३९.५. होमब्रूने (मॅकवर पॅकेज बसवणारे साधन) २.५०.१ घेतला. ऍपल सिलिकॉनवर तो '/ऑप्ट/होमब्रू/बिन' मध्ये येतो, इंटेलवर '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये. टर्मिनलमध्ये नवा दिसला तरी एक्सकोड स्वतःचाच वापरतो. व्हीएस कोडमध्ये 'गिट.पाथ' सेटिंग स्पष्ट लिहिले.

सोमवार, २८ जुलै

कंटेनर इमेज. इमेजमधला गिट इमेज बांधली त्या दिवशीचा असतो. होस्ट कितीही नवा असला तरी आत फरक पडत नाही. 'डॉकर बिल्ड --पुल --नो-कॅश' ने सगळ्या नव्याने बांधल्या. नुसते '--पुल' दिले आणि बेस इमेज बदललेली नसली, तर पॅकेज बसवणारा थर कॅशमधूनच येतो.

एका इमेजमध्ये बिल्ड पहिल्याच 'गिट डिस्क्राइब' ला अडला. फोल्डरची मालकी संशयास्पद असल्याची चूक. बाहेरून माउंट केलेल्या रेपोचा मालक जेनकिन्स युजर, आत प्रोसेस रूटची, म्हणून सेफ.डिरेक्टरीची तपासणी आडवी येते. सगळीकडे तारका लावून ती बंद करता येते, पण तसे करू नये. इमेजच्या '/ईटीसी/गिटकॉन्फिग' मध्ये नेमका वर्कस्पेसचा पाथ लिहिला. त्याहून बरे म्हणजे कंटेनर जेनकिन्सच्याच युजर आयडीने चालवणे. दोन इमेज तशा केल्या, बाकी सप्टेंबरात.

दुसऱ्या एका बिल्डमध्ये सबमॉड्यूल डिस्कवरच्या पाथवरून घेतलेले होते. २.३८.१ पासून सबमॉड्यूलसाठी 'फाइल' वाहतूक आपोआप चालत नाही, 'ट्रान्सपोर्ट फाइल नॉट अलाउड' येते. प्रोटोकॉल.फाइल.अलाउ कायमचे उघडण्याऐवजी सबमॉड्यूलचा पत्ता ssh वर नेला.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून मुसळधार, बहुतेक जण घरून. घरी असलेले काही लॅपटॉप तक्त्यात अजून लाल आहेत. व्हीपीएनवरून विंगेट चालते, पण ॲडमिन पासवर्ड लागतो. तेवढे रिमोट घेऊन केले.

काल २.५१.० आली. 'स्विच' आणि 'रिस्टोअर' यांवरचा प्रायोगिक हा शिक्का त्यात काढला आहे. बिल्ड मशीन मात्र २.५०.१ वरच ठेवत आहोत. सुरक्षा दुरुस्ती त्यात आहेच, आणि रिलीजच्या तोंडावर नवी मालिका नको. होमब्रूचे लॅपटॉप आपोआप २.५१ वर जातील, हरकत नाही. फक्त कोणी रेफटेबलवर (शाखांच्या नोंदी साठवण्याची नवी रचना) सामायिक रेपो बनवू नये. ती रचना २.४५ पासूनची आहे आणि २.३४ किंवा २.४३ वाली मशीन असा रेपो उघडतच नाहीत.

मंगळवार, २६ ऑगस्ट

अमेरिकेच्या सिसा संस्थेने काल ४८३८४ प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांच्या यादीत घातला. उद्यापासून गणपती, दोन्ही ऑफिसात माणसे कमी. म्हणून उरलेले लॅपटॉप आजच पूर्ण केले. सुट्टीवर गेलेल्यांचे दोन लॅपटॉप राहिले, त्यांचा रेपो सर्व्हरवरचा प्रवेश ते अपडेट होईपर्यंत थांबवला आहे. परतल्यावर ॲडमिनकडे 'व्हेअर गिट' चे उत्तर दाखवायचे, मग सुरू.

यादीची स्क्रिप्ट आता दर सोमवारी सकाळी चालेल. उबुंटूसाठी ती आकडा न बघता चेंजलॉग बघते. २०.०४ च्या मशीनचे २४.०४ वर स्थलांतर १५ सप्टेंबरच्या आठवड्यात. तेव्हा '/यूएसआर/लोकल' मधला गिट, क्रॉनटॅबची पाथची ओळ आणि जेनकिन्समधला पाथ हे तिन्ही परत फिरवायचे आहेत, नाहीतर नव्या मशीनवर ॲप्टच्या अपडेट येत राहतील आणि चालेल मात्र हाताने बांधलेला २.५०.१.